ओठांतून ओढलेलं सूत

पौर्णिमा होती, म्हणजे मीराबाईचा उपोसथ. दुपारच्या आत काय दोन घास खायचे ते खाऊन घ्यायचे आणि मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत नुसत्या पाण्यावर राहायचं. इतक्या वर्षांत या व्रताचा तिला कधी जाच झाला नव्हता. आज मात्र सकाळपासूनच तोंडाला कोरड पडली होती. पांढरी साडी नेसून, मूर्तीपुढे मेणबत्ती लावून ती शीलं म्हणायला बसली. पहिली तीन सरळ गेली आणि चौथ्यावर जीभ अडखळली. खोटं बोलणार नाही. रोज म्हणायची ती हे. रोज म्हणायला काय जातं? रोज कोण खोदून विचारायला येतंय?

आज संध्याकाळी येणार होते.

परळच्या त्या आवारात दोन चाळी होत्या, वरची आणि खालची. मध्ये एक बोळ. उद्या दोन्ही रिकाम्या व्हायच्या होत्या आणि सगळी बिऱ्हाडं मागे उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये जायची होती. म्हणून आज बोळातच मांडव घालून निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. वरच्या चाळीतल्या सुमतीची नात अनुजा कॉलेजात इतिहास शिकत होती. तिनेच टूम काढली होती, की दोन्ही चाळींचा इतिहास जुन्या माणसांच्या तोंडून ऐकायचा. वरच्या चाळीचा सुमती सांगणार, खालच्या चाळीचा मीराबाई.

"मीराआजी, तुम्हाला जे आठवेल ते बोला. मी फक्त मध्ये मध्ये विचारीन," अनुजा म्हणाली होती.

ते मध्ये मध्ये विचारणंच मीराबाईला नको होतं.

"आई," तिचा मुलगा मयूर खोक्याला चिकटपट्टी लावता लावता म्हणाला, "एक सांगू? आज जरा गोड गोड बोल. नळ, गणपती, कबड्डी. जुनं काही उकरू नकोस."

"मी कशाला उकरू?"

"नाही, तुझा चेहरा सांगतोय. उद्यापासून एका लिफ्टने जायचंय सगळ्यांना. कमिटीत अर्धे ते, अर्धे आपण. किती मुश्किलीने जमवलंय मी, तुला माहितेय."

तिला माहीत होतं. कमिटीचा सेक्रेटरी झाल्यापासून त्याचे केस पिकले होते. आणि तिची स्वतःचीही एक गोष्ट त्या टॉवरमध्ये अडकली होती. सोडतीत तिचं आणि सुमतीचं घर एकाच मजल्यावर आलं होतं, दारासमोर दार. चिठ्ठी निघाली तेव्हा सुमतीने भर सभेत शिट्टी मारली होती. सत्तरीतली बाई, तोंडात दोन बोटं घालून.

सुमती माहेरी परत आली ती कडेवर पोर घेऊन, नवरा गेल्यावर. त्याच सुमारास मीराबाई खालच्या चाळीत सून म्हणून आली. दोघींची गाठ पडली नळावर. पहिल्या दिवशी भांडण, दुसऱ्या दिवशी एकीची कळशी दुसरीने भरून ठेवलेली. तेव्हापासून दुपारचा चहा मीराबाईकडे. सुमती यायची, पाय पसरून बसायची, डब्यातल्या चकल्या विचारल्याशिवाय खायची. फक्त येताना स्वतःचा पेला घेऊन यायची. स्टीलचा, काठ जरा चेपलेला.

"माका चाय लागता भांडंभर," ती पहिल्या वेळेलाच हसून म्हणाली होती. "तुझ्या कपान माझी जीभ पण भिजूची नाय."

पाणी प्यायची तेही तांब्या वर धरून. घोट न सांडता, ओठ न लावता. खूप जण तसं पितात. पेला मोठा होता हेही खरंच. मीराबाईने कधी विचारलं नाही. विचारलं असतं आणि उत्तर नको ते आलं असतं, तर दुपारच्या चहाचं काय करायचं होतं तिने? चाळीस वर्षं तो पेला येत होता, विसळून परत जात होता, आणि ती बघत होती.

आता तर त्यात आबांचं बोलणं येऊन बसलं होतं.

आबा म्हणजे तिचे सासरे, गुणाजी. शेवटचे काही महिने अंथरुणावर होते तेव्हा मीराबाईनेच सगळं केलं त्यांचं. एकदा पेज भरवताना त्यांनी तिचा हात धरला आणि एक गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाले, "गंगुबाई आहे तोवर बोलू नकोस, पोरी. तिच्या घरची अब्रू आहे. ती गेली की मग तुला काय वाटेल ते." गंगुबाई म्हणजे सुमतीची आई. नव्वदी ओलांडून ती गेल्याच वर्षी गेली. बोलायची बंदी तिच्याबरोबर गेली. मीराबाईला वाटलं होतं, गोष्टही जाईल. गेली नाही. उलट आता ती न सांगायला काही कारणच उरलं नव्हतं, भीती सोडून.

संध्याकाळी बोळात खुर्च्या लागल्या. वरच्या चाळीचे वरच्या बाजूला बसले, खालचे खाली. कुणी सांगितलं नव्हतं, पाय आपोआप तिकडे गेले. अनुजाने माईक हातात घेतला आणि मोबाईल एका पोरीच्या हातात शूटिंगला दिला.

आधी सुमती उठली. खाकरली. नऊवारी नेसली होती ती मुद्दाम, आणि हातात लाल फडक्यात गुंडाळलेलं काही होतं. तिने फडकं सोडलं.

धोटा होता. साच्यावरचा, म्हणजे गिरणीतल्या मागावरचा, जुना लाकडी धोटा, दोन्ही टोकं पितळेची, होडीसारखा निमुळता. कित्येक वर्षांच्या हातांनी काळाभोर गुळगुळीत झालेला.

"हो माझ्या बापाचो धोटो," सुमती म्हणाली. "कुशाबा साचेवालो. त्याच्यासारखो साचो चालवणारो अख्ख्या गिरणीत दुसरो नव्हतो. दर खंडेनवमीक आम्ही ह्याची पूजा करतो. आता ह्या पोरांका वाटतला, बायो, ह्याच्यात एवढा काय? तर बघा."

तिने धोट्यात सुताची कांडी बसवली. सूत बाहेर काढायला धोट्याच्या कडेला बारीकसं भोक असतं. सुमतीने धोटा तोंडाशी नेला, भोकावर ओठ ठेवले आणि श्वास आत ओढला. सुताचं टोक सुळकन बाहेर आलं, तिच्या ओठांत.

"असा! दिवसभरात शंभर येळा. सुई नाय, दोरो नाय, नुसतो श्वास. ह्या माका बापान शिकवल्यान."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकाने शिट्टीही मारली. सुमती खुशीत हसली. ओठाला सुताचा एक तंतू चिकटून राहिला होता, तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"आजी, सगळ्यांचे धोटे सारखेच दिसत असतील ना? आपला ओळखायचे कसे?" अनुजाने विचारलं.

"खूण घालीत प्रत्येकजण. कोण फुली, कोण नावाचा अक्षर. ह्या बघ, माझ्या बापाचा टिंब. तापल्या तारेन डागलेला. आम्ही कुंकू लावतो ता थयच लावतो."

मीराबाईने डोळे मिटून घेतले. तिला आबांचा आवाज आला, पेजेने ओला झालेला. 'नाव घालायची सोय नव्हती ना मला. कुठलं नाव घालणार? म्हणून नुसतं टिंब डागलं. मागाहून धोटा तिथेच राहिला, गंगुबाईकडे.'

"आता खालच्या चाळीचा इतिहास," अनुजा म्हणाली, "मीराआजी."

ती उठताना मयूरने तिच्याकडे पाहिलं. हात जोडल्यासारखे केले त्याने, मांडीवरच, कुणाला दिसणार नाहीत असे.

मीराबाई हळू बोलणारी. माईक असूनही मागचे लोक पुढे सरकले.

"आमची चाळ आधी चाळ नव्हती," ती म्हणाली. "गिरणीच्या कोळशाची शेड होती. आमची माणसं खेड, दापोलीकडून आली तेव्हा वरच्या चाळीत आम्हाला खोली मिळायची नाही. मग मुकादमाने शेडमध्ये राहायला सांगितलं. माझी आजेसासू सांगायची, पहिलं वर्षभर भाकरी काळी निघायची, कितीही झाडलं तरी. वरच्या चाळीच्या मोऱ्यांचं पाणी आमच्या दारातून जायचं, म्हणून खालची चाळ. नळ आम्हाला नव्हता. वरून कुणी ओतलं तर पाणी. मग आमच्या माणसांनी पगारातून वर्गणी काढून स्वतःचा नळ आणला. तो हा, तिथला. छप्पन साली सगळ्यांनी धम्म घेतला, तेव्हा याच बोळात मेणबत्त्या लावल्या होत्या. घराघरातले देव गोळा करून कुणी समुद्रात सोडून आलं. तालमीच्या खोलीत विहार झालं. संपात दोन्ही चाळी उपाशी होत्या, तेव्हा मात्र एक चूल पेटायची, आमच्या अंगणात. डाळ तुमची, तांदूळ आमचे."

ती थांबली. इतकं झालं होतं, खरं होतं सगळं आणि कुणी उठून गेलं नव्हतं. तिला वाटलं आता खाली बसावं.

"मीराआजी," अनुजा म्हणाली, "तुमच्याकडचे सगळे गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात होते ना? विणाईत का नाही?"

"धोट्यामुळे," मीराबाई म्हणाली. आवाज आणखी खाली गेला. "आत्ता सुमतीने दाखवलं ना, तोंडाने सूत ओढायचं. एका पाळीतला माणूस गेला की दुसरा येतो, धोटा तोच. महाराच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा? म्हणून आमच्या माणसाला साचेखात्याच्या दारातही उभं करायचे नाहीत."

बोळात जरा चुळबुळ झाली. वरच्या बाजूने दीपक उठला. सुमतीच्या शेजारचा, बँकेतून रिटायर झालेला, प्रत्येक सभेत शेवटचा शब्द आपला ठेवणारा.

"असं कसं बोलता तुम्ही? ते जुन्या काळचं राहू दे हो. पण साच्यावर उभं राहायला हातात कला लागते, ती पिढ्यान्‌पिढ्या यावी लागते. जातीचा प्रश्न नाही. तुमच्यात साचेवाला झालाच नाही कुणी, एवढंच. बरोबर ना? सांगा तुम्हीच, मीराबाई. झाला होता एक तरी?"

त्याने काही वाईट मनात ठेवून विचारलं नव्हतं. त्याला उत्तर माहीतच होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. मान हलवायची होती फक्त. तोंडाने बोलायचीही गरज नव्हती. मीराबाईने मयूरकडे पाहिलं. मग सुमतीकडे. सुमती धोटा मांडीवर घेऊन कौतुकाने तिच्याकडे बघत होती, मैत्रीण छान बोलते म्हणून. सुताचा तंतू अजून ओठालाच होता.

मान हलवणं म्हणजेही बोलणंच की, मीराबाईला वाटलं.  पाणी हवं होतं, पण तिने ते मागितलं नाही.

"एक होता," ती म्हणाली.

"कोण?"

"माझे सासरे. गुणाजी."

"काय हो! गुणाजी रिंग खात्यात होता. मी पाहिलाय त्याला लहानपणी."

"आधी होते. नंतरही होते. मधली काही वर्षं विणाईत होते, दुसऱ्या गिरणीत. एक साचेवाला आजारी पडला, छातीचा आजार. साचा सोडला असता तर पोरंबाळं रस्त्यावर आली असती. त्याने आमच्या आबांना सांगितलं, माझा चुलतभाऊ म्हणून बदलीला उभा राहा. नाव गुणाजीच ठेव, आडनाव माझं लाव. आबा रात्री रात्री त्याच्या दारात बसून शिकले, बाहेरच्या कडीला सूत बांधून. आणि गेले. रोज त्यांच्याबरोबर जेवले, त्यांच्या माठातलं पाणी प्यायले, रोज मरण डोक्यावर घेऊन. कुणी ओळखलं असतं तर हात तोडले असते. पगार आला की वाटा त्या घरी पोचायचा. तो माणूस गेला, तसे आबा परत आमच्यात आले."

"कोण तो माणूस?" दीपकचा आवाज चढला. "नाव घ्या ना! कुणाच्याही घराण्यावर काहीही ढकलाल काय?"

"नाव मी घेणार नाही."

आणि ती खरंच घेणार नव्हती. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, एवढी वाट तिला शीलाने ठेवली होती. तिला वाटलं, निभावलं. घामाने पांढरी साडी पाठीला चिकटली होती. पण अनुजा इतिहासाची पोर, तिच्या डोळ्यांत चमक आली होती. तिला काय ठाऊक आपण कुठे हात घालतोय.

"आजी, गुणाजीआजोबांच्या धोट्यावर खूण काय होती?"

मीराबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. पण तिची नजर, तिला न विचारता, एकदाच सुमतीच्या मांडीवर गेली आणि लगेच वर आली.

सुमतीने ती पाहिली. ती खाली बघायला लागली, त्या टिंबाकडे. कुंकवाने ते लाल झालेलं होतं. बराच वेळ बघत राहिली. मग तिचा हात पदराकडे गेला.

पदर वर येताना मीराबाईला दिसत होता. पुसणार. आता ओठ पुसणार ती, सगळ्यांदेखत. चाळीस वर्षं जे विचारलं नाही त्याचं उत्तर आता मिळणार. पदर तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. सुमतीने तो ओठांवर दाबून धरला, घरात कुणी गेल्यावर बाया धरतात तसा. पुसलं की नुसतं झाकलं, काहीच कळेना. मयूरने धावत येऊन माईक घेतला, "चला चला, वडे गरम आहेत," असं ओरडला, गाणं लावलं. गर्दी उठली. गर्दी पांगली तेव्हा सुमती तिच्या खुर्चीवर नव्हती.

"झालं तुझं समाधान?" मयूर म्हणाला. रागाने नाही, दमून. मीराबाई रिकाम्या खुर्च्या एकावर एक रचायला लागली.

सकाळी टेम्पो आला. उपोसथ सुटला होता, पण तिला खावंसं वाटत नव्हतं. भांडी गेली, गाद्या गेल्या. मूर्ती आणि आबांचा फोटो तिने स्वतः न्यायचा म्हणून एका टोपलीत मऊ फडक्यावर ठेवला होता. तांब्या आणि एक पेला तेवढे न बांधता बाहेर राहिले होते. दर थोड्या वेळाने ती बोळाकडे बघत होती. वरच्या चाळीचे लोक सामान घेऊन जात होते. काहीजण नेहमीसारखे हसले, काहीजण दुसरीकडे बघून गेले. दीपकने मान फिरवली. समोरासमोर दार, तिच्या मनात आलं. रोज दार उघडलं की ते बंद दार बघायचं. कसं काढायचं उरलेलं आयुष्य?

मग सुमती दारात उभी होती. डोळे सुजलेले, हातात लाल फडकं.

आत आली. पाय पसरून बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

"दरवर्षी तू येय होतंस," ती म्हणाली. "खंडेनवमीक. मी त्या टिंबार कुंकू लावीत होतंय आणि तू बघीत होतंस. तुका हसूक इला नाय?"

"हसू कसं येईल, सुमे?"

"मी असतंय तर हसलंय असतंय." तिने फडकं या हातातून त्या हातात घेतलं. "बापूस खोकायचो. आई सांगायची, रातपाळी करून इलो, झोपलो हा. आम्ही पोरा गप ऱ्हवायचो. आणि तिन्हीसांजेक एक माणूस येयचो. दाराभायर उभो ऱ्हवायचो. काळोखात त्येचा तोंड दिसायचा नाय, माका वाटायचा मुकादमाचो माणूस. आई त्येका चाय देयची." तिने उंबऱ्याकडे बोट केलं. "काचेचो गिलास होतो एक. उंबऱ्याच्या भायर, कोनाड्यात उपडो घातलेलो. थय ठेवायची चाय. आमका हात लावूक देयची नाय त्या गिलासाक. त्येच्याच पैशांची भाकरी खायत होतो गो आम्ही. आणि आईन त्येका कधी आत घेतल्यान नाय."

मीराबाईला हे माहीत नव्हतं. आबांनी सगळं सांगितलं होतं, गिलास सांगितला नव्हता.

 'जाऊ दे' म्हणावं असं जिभेवर आलं, पण ते खरं नव्हतं. 

सुमतीने वाकून लाल फडकं टोपलीत ठेवलं, आबांच्या फोटोला टेकवून. "कुंकू पुसूक जाव नको," ती म्हणाली. "जावचा नाय ता. लाकडात मुरला हा." मग पदराने नाक पुसलं आणि आजूबाजूला पाहिलं, रिकाम्या खोलीकडे, मोकळ्या फळ्यांकडे.

"पाणी दी गो. सकाळपासून काय पिऊक नाय."

मीराबाईने तांब्या पुढे केला. सुमतीने तो घेतला नाही.

"पेल्यातून दी."

"तुझा पेला?"

"तो गेलो टेम्पोत, बांधून."

मीराबाईने आपल्या पेल्यात पाणी ओतलं. थोडं बाहेर सांडलं. सुमतीने पेला दोन्ही हातांत धरला, ओठाला लावला आणि घटाघटा सगळं पाणी संपवलं. रिकामा पेला परत दिला. काठावर ओठांचं ओलं राहिलं होतं.

बोळात सुमतीच्या सामानाचा टेम्पो अजून उभा होता. वरच्या पिशवीतून चेपलेल्या काठाचं काहीतरी चकाकत होतं, किंवा तसं मीराबाईला वाटलं. तिने निरखून पाहिलं नाही. त्याच पेल्यात तिने स्वतःसाठी पाणी ओतलं आणि न विसळता ओठाला लावलं.